कव्हर लेटर लिहायचं की नाही? कोल्हापूर परिसरातल्या नोकरी शोधणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या कंपन्या, इचलकरंजीच्या गिरण्या, साखर कारखाने, शाळा-कॉलेजे इथे अर्ज करणारे आणि इथून पुण्या-मुंबईकडे अर्ज धाडणारे पुन्हापुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र केले आहे. एकाच गोष्टीची पुनरुक्ती टाळण्यासाठी प्रश्नांना क्रमांक दिले आहेत.

1. कव्हर लेटर म्हणजे नक्की काय? बायोडाटा दिला की झालं ना?

बायोडाट्यात शिक्षण आणि कुठे किती वर्षे काम केले हे असते. हीच जागा का मागताय, तुमच्या कामातले नेमके काय इथे उपयोगी पडेल आणि बायोडाटा वाचून समोरच्याला जी शंका येणार आहे तिचे उत्तर काय, हे पत्रात येते. शाळेत शिकवला जाणारा 'नोकरीसाठी अर्ज' तो हाच. फक्त त्यातली निम्मी जागा 'वरील विषयास अनुसरून' आणि 'आपला कृपाभिलाषी' यांतच संपते.

यात सगळ्यात वजनदार भाग शंकेच्या उत्तराचा. गाव लांब आहे, मध्ये दोन वर्षे रिकामी आहेत, शिक्षण एक आणि काम दुसरेच, असे काही असेल तर पत्र हवेच. शंका येण्यासारखे काहीच नसेल तर चार ओळी पुरतात.

2. खरं सांगा, कोण वाचतं ते?

कंपनी केवढी आहे त्यावर ठरते. शिरोलीतल्या किंवा उद्यमनगरातल्या पन्नास-साठ माणसांच्या मशीन शॉपमध्ये बहुधा वेगळा एचआर विभाग नसतो. ईमेल मालक, त्यांचा मुलगा किंवा अकाउंट्स बघणाऱ्या मॅडम उघडतात, तेही बऱ्याचदा मोबाइलवर आणि दहा कामे चालू असताना. त्यांना आधी ईमेलचा मजकूर दिसतो, फाइल नंतर. पहिल्या तीन ओळींत पद, अनुभव आणि गाव कळले तर फाइलवर बोट जाते. मजकूर कोरा आणि खाली नुसती फाइल असेल, तर ती 'नंतर बघू' म्हणून मागे पडते आणि मागेच राहते. म्हणजे इथे पत्र वाचतात, फक्त त्याला कव्हर लेटर म्हणत नाहीत.

कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीतल्या मोठ्या कंपन्यांत आणि पुण्यात पहिली चाळण बायोडाट्यावरच होते: शिक्षण, वर्षे, सध्याचा पगार, नोटीस. तिथे पत्राने नापास अर्ज पास होत नाही. बायोडाटा विभागप्रमुखाकडे गेला आणि दोन उमेदवार सारखेच निघाले, तर मात्र पत्र उघडले जाते.

जाहिरात नसताना स्वतःहून अर्ज करत असाल तर कंपनी लहान असो की मोठी, पत्राशिवाय पाठवू नका. कोणत्या कामासाठी अर्ज आहे हे समोरच्याने ओळखायचे कशावरून?

3. कुठे लिहायची गरजच नाही?

एमपीएससी, जिल्हा परिषद, महापालिका, आयबीपीएसमार्फत होणारी बँकभरती, पवित्र पोर्टलवरची शिक्षकभरती या ठिकाणी ऑनलाइन फॉर्म हाच अर्ज. वेगळे पत्र पाठवून काही साधत नाही. थेट मुलाखतीला जाताना बायोडाट्याच्या दोन प्रती आणि मूळ कागदपत्रे न्या, पत्र घरी ठेवा. ठेकेदारामार्फतच्या कामाला फोन लागतो, पत्र नाही.

नोकरी डॉट कॉमसारख्या पोर्टलवर पत्रापेक्षा रेझ्युमेची हेडलाइन महत्त्वाची, कारण यादीत तीच दिसते. प्रश्न 5 मधल्या पत्राची विषयाची ओळ तिथे टाका. लिंक्डइनवर काही जाहिरातींना पत्राची ऐच्छिक जागा असते. कंपनी खरोखर हवी असेल तर भरा, नाहीतर मोकळी सोडली तरी बिघडत नाही.

4. वेगळी फाइल जोडायची की ईमेलमध्येच लिहायचं?

जाहिरातीत 'कव्हर लेटर जोडा' असे स्पष्ट लिहिले नसेल, तर ईमेलचा मजकूर हेच पत्र समजा. मजकुरात 'प्लीज फाइंड अटॅच्ड' एवढेच आणि आत पत्राची वेगळी फाइल, असे करू नका. दोन फाइली उघडण्याइतका वेळ कुणाला नसतो. वेगळे मागितले असेल तर ए-4 चे एक पान, पीडीएफमध्ये.

पाठवण्याचा क्रम उलटा ठेवा: आधी फाइल जोडा, मग मजकूर, मग विषय आणि सर्वात शेवटी पत्ता. फाइल जोडायची राहणे ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे, आणि पत्ताच नसेल तर अर्धवट ईमेल जातच नाही. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये 'अनडू सेंड' 30 सेकंदांवर ठेवता येते, तेही करून ठेवा.

फाइलचे नाव 'न्यू बायोडाटा फायनल 2' असे नको. नाव, आडनाव आणि पद पुरे. मोबाइलवर फोटो काढून केलेली पीडीएफ दहा-बारा एमबीची होते. टाइप केलेली फाइल 1 एमबीच्या आत सहज बसते. ड्राइव्हची लिंक शक्यतो टाळा, कारण परवानगी खुली करायची राहते आणि समोरच्याला नुसता कुलपाचा पडदा दिसतो. वीस कंपन्यांचे पत्ते एकाच 'टू'मध्ये टाकले, तर प्रत्येकाला बाकीच्या एकोणीस दिसतात. त्यानंतर आत काय लिहिले आहे याला अर्थ उरत नाही.

आधार, पॅन, गुणपत्रके पहिल्या ईमेलला जोडू नका. मागितल्यावर द्या. 'रजिस्ट्रेशन फी' मागणाऱ्याला तर काहीच देऊ नका.

5. आत लिहायचं काय? किती लांब?

ईमेलमध्ये 100 ते 150 शब्द, वेगळ्या पानावर फार तर 300. फाउंड्रीतल्या (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यातल्या) इन्स्पेक्शनच्या जागेसाठी एक नमुना:

> विषय : क्वालिटी इन्स्पेक्टर, फाउंड्री, 3 वर्षे, हातकणंगले
>
> महोदय,
>
> कास्टिंग इन्स्पेक्शनच्या जागेची आपली जाहिरात रविवारी वाचली. मी मेकॅनिकल डिप्लोमा केला असून तीन वर्षे ग्रे आयर्न आणि एसजी आयर्न कास्टिंगच्या फायनल इन्स्पेक्शनला आहे. ब्लो होल, सँड इन्क्लुजन, मिसमॅच यांची पार्टनुसार रोजची नोंद ठेवतो आणि दर आठवड्याला मोल्डिंग विभागासोबत ती तपासतो. व्हर्निअर, हाइट गेज, हार्डनेस टेस्टर वापरता येतात. सीएमएमवर स्वतंत्रपणे काम केलेले नाही.
>
> सध्याच्या कंपनीतून कास्टिंग कच्चेच बाहेर जाते. मशीनिंगनंतर उघडे पडणारे दोष मला शिकायचे आहेत आणि आपल्याकडे दोन्ही कामे होतात.
>
> राहायला हातकणंगलेत, स्वतःची दुचाकी आहे, तिन्ही पाळ्या चालतील. नोटीस एक महिना. बायोडाटा जोडला आहे.
>
> (नाव, मोबाइल)

सीएमएम (अचूक मापे घेणारे यंत्र) येत नाही हे सांगणारे वाक्य मुद्दाम ठेवले आहे. त्यामुळे आधीच्या दाव्यांवर विश्वास बसतो आणि मुलाखतीत तोंडघशी पडायची वेळ येत नाही. नोकरी का बदलायची हे सांगताना जुन्या कंपनीला नावे ठेवलेली नाहीत. शेवटचा परिच्छेद अनेकांना किरकोळ वाटतो. पण पाळीवर माणूस वेळेत पोचेल का, रात्रपाळीला कां-कूं करेल का, ही इथल्या मालकांची पहिली चिंता असते आणि बायोडाट्यात तिचे उत्तर कुठेच नसते.

सीएनसी-व्हीएमसी ऑपरेटरने कंट्रोलर लिहावा (फॅनुक की सीमेन्स), सेटिंग स्वतः करतो की फक्त जॉब लावतो तेही लिहावे, आणि किती मायक्रॉनमध्ये काम केले तेही. पगार त्यावर ठरतो. अकाउंट्सवाल्यांनी 'सर्व कामे येतात' लिहू नये, कारण ते वाचून काहीच कळत नाही. 'जीएसटीआर-1 दरमहा 11 तारखेच्या आत आणि 3बी 20 तारखेच्या आत मी स्वतः भरतो, टीडीएसचे चलन 7 तारखेच्या आत, टॅली प्राइमवर दोन फर्मची पुस्तके' असे लिहिले की वाचणाऱ्याला काम डोळ्यांपुढे दिसते.

'हार्डवर्किंग', 'टीम प्लेयर', 'आपल्या नामांकित कंपनीत' हे शब्द काढून टाका. ते सगळ्यांच्याच पत्रात असतात.

6. मराठीत लिहू की इंग्रजीत?

जाहिरात ज्या भाषेत, अर्ज त्या भाषेत. साखर कारखाना, दूध संघ, पतसंस्था, मराठी शाळा इथे मराठीच शोभते. कारखान्याला लिहिताना 'मा. कार्यकारी संचालक' असे पदनाम घाला. निर्यात करणारी कंपनी, आयटी किंवा पुण्याचा एचआर असेल तर इंग्रजी.

इंग्रजी कच्चे असेल तर आठ-दहा शब्दांची साधी वाक्ये करा. इंटरनेटवरून उचललेले भरजरी इंग्रजी आणि मुलाखतीतले तुमचे इंग्रजी यांत पडलेली दरी लगेच दिसते. 'काइंडली डू द नीडफुल' वगळा.

मराठी अर्ज श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप करून वर्डची फाइल पाठवली, तर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर सगळी अगम्य अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये टाइप करून पीडीएफ करा. रोमन लिपीतली मराठी व्हॉट्सॲपवर मित्रांपुरती ठेवा.

7. मी फ्रेशर आहे. लिहायला काहीच नाही.

'शिकण्याची तयारी आहे' हे वाक्य प्रत्येक फ्रेशर लिहितो. त्याऐवजी हाताखालून काय गेले ते लिहा. आयटीआयला कोणत्या लेथवर काय बनवले? डिप्लोमाच्या प्रोजेक्टमध्ये चौघांपैकी तुमच्या वाट्याला काय होते: ड्रॉइंग, फॅब्रिकेशन की नुसता रिपोर्ट? घरच्या किराणा दुकानाचा हिशोब टॅलीत ठेवला असेल, दूध डेअरीत संकलनाच्या नोंदी केल्या असतील, तर तेही काम आहे. पगार मिळाला नाही म्हणून लपवू नका.

एटीकेटी किंवा कमी टक्के यांचा खुलासा पत्रात करत बसू नका. बायोडाट्यात खरे आकडे असले की पुरे. फक्त निकाल बाकी असेल तर तसे स्पष्ट लिहा आणि अपेक्षित महिना द्या.

8. मध्ये दोन-तीन वर्षांचा गॅप आहे. लिहू की लपवू?

लिहा, पण दोन वाक्यांत. कारण काय होते आणि ते आता संपले आहे का, एवढेच.

आपल्या भागात सर्वात मोठे कारण स्पर्धा परीक्षा. नुसते 'एमपीएससीची तयारी करत होतो' असे लिहिले की वाचणाऱ्याच्या मनात येते, पुढची जाहिरात निघाली की हा जाणार. म्हणून 'तयारी 2024 मध्ये पूर्ण थांबवली, आता याच क्षेत्रात राहायचे आहे' असे, खरे असेल तरच, लिहा. अजून परीक्षा देणार असाल तर खोटे लिहू नका, विषय पत्रात काढूच नका. मुलाखतीत विचारले तर खरे सांगा.

आजारपण असेल तर 'प्रकृतीच्या कारणाने थांबलो होतो, आता पूर्णवेळ कामाला हरकत नाही' एवढे बास. आजाराचे नाव, रिपोर्ट नको. मूल लहान होते म्हणून थांबलेल्या भगिनींनी सफाई देऊ नये. कोणत्या वेळा जमतील ते लिहावे, कारण समोरच्याला तेवढेच हवे असते.

गॅप झाकायला जुन्या नोकरीच्या तारखा ताणणे महागात पडते. पीएफ कापला गेला असेल तर यूएएनच्या (पीएफच्या कायम क्रमांकाच्या) सर्व्हिस हिस्टरीत रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख असते. तीन महिन्यांत सोडलेली नोकरीही तिथे दिसते.

9. पुण्याची नोकरी सोडून कोल्हापुरात परत यायचंय. पत्रात काय लिहू?

वाचणाऱ्याला दोन शंका येतात: याला पुण्याचा पगार लागेल, आणि सहा महिन्यांत हा परत जाईल. दुसऱ्या शंकेला ठोस कारणाने उत्तर द्या. 'आई-वडील कागलला एकटे आहेत', 'घर बांधले आहे', 'पत्नीची नोकरी इथे आहे', असे. 'कोल्हापूरच्या मातीची ओढ' वगैरे लिहू नका. पगाराबद्दल पुढचा प्रश्न पाहा. जमेल तर कायम येण्याची तारीखही लिहा. ती लिहिली की अर्ज नुसत्या चाचपणीचा वाटत नाही.

उलट दिशेने, म्हणजे इथून पुण्याला अर्ज करताना, 'राहण्याची सोय आहे, निवड झाल्यापासून 15 दिवसांत रुजू होईन' एवढी ओळ पुरते.

10. अपेक्षित पगार लिहायचा का?

जाहिरातीत विचारला असेल तरच, आणि तेव्हा टाळू नका. विचारूनही न लिहिलेला अर्ज बाजूला पडू शकतो.

आकडा लिहिताना तो कसला हे स्पष्ट करा. '22,000' म्हणजे हातात की ग्रॉस? इथल्या लहान कंपन्या महिन्याच्या हातात येणाऱ्या रकमेवर बोलतात, पुण्याचे एचआर वर्षाच्या सीटीसीवर, म्हणजे कंपनीला तुमच्यावर येणाऱ्या एकूण खर्चावर. सीटीसीत कंपनीचा पीएफचा 12 टक्के हिस्सा धरलेला असतो, त्यामुळे सीटीसीला बाराने भागून हातातला पगार निघत नाही. महिना 21,000 पर्यंतच्या पगाराला ईएसआय (कामगार विमा) लागू असेल तर कामगाराचे 0.75 टक्के जातात. पुण्याहून येणाऱ्यांनी 'सध्या इतका आहे, कोल्हापूरच्या मानाने इतका चालेल' असे दोन्ही आकडे लिहावेत.

11. ओळखीने चिठ्ठी लावली तर पत्र लागतं का?

लागते, आणि ओळख पहिल्याच वाक्यात लिहा: 'आपल्या टूल रूममधले अमुक यांनी या जागेबद्दल सांगितले.' आधी त्यांना विचारून घ्या. मालकाने आत बोलावून चौकशी केली आणि त्यांना पत्ताच नसेल, तर दोघांचीही शोभा होते. पुढाऱ्याचे शिफारसपत्र खासगी कंपनीच्या पहिल्या अर्जाला जोडू नका. नाही म्हणायचे झाल्यास अडचण होणार, हे ओळखून मुलाखतीलाच बोलावत नाहीत.

12. 'बायोडाटा व्हॉट्सॲप करा' असं सांगितलं. तिथे काय?

एकाच मेसेजमध्ये चार ओळी: नाव, कोणत्या जागेसाठी, अनुभव, गाव आणि कधीपासून. खाली पीडीएफ. बायोडाट्याचा फोटो नको, व्हॉइस मेसेज नको. 'हाय सर' पाठवून उत्तराची वाट बघत बसणे तर नकोच. सकाळी दहा ते संध्याकाळी सहाच्या दरम्यान पाठवा.

13. चॅटजीपीटीकडून लिहून घेतलं तर चालेल?

भाषा सुधारायला चालेल. अडचण अशी की नुसती जाहिरात टाकून 'पत्र लिही' म्हटले, की जाहिरातीतली प्रत्येक अपेक्षा तुम्हाला येते असे ते लिहून देते. मग मुलाखतीत 'पीपॅपची (ग्राहकाकडून पार्ट मंजूर करून घेण्याची) कोणती कागदपत्रे तुम्ही केलीत?' असे विचारतात आणि उत्तर नसते. शिवाय एकाच जागेला आलेल्या अर्जांतली पत्रे एकमेकांसारखी दिसतात.

आधी प्रश्न 5 प्रमाणे तुमची सात-आठ वाक्ये मोडक्यातोडक्या भाषेत स्वतः लिहा. मग 'काही न वाढवता फक्त भाषा सुधार' असे सांगा. आलेले मोठ्याने वाचा. जे वाक्य तुम्ही कधी बोलणार नाही ते काढा.

14. कॉलेजच्या जाहिरातीत 'स्वहस्ताक्षरात अर्ज' लिहिलंय. टाइप केलेला चालेल का?

नाही. छाननीत त्याच कारणाने अर्ज बाद करता येतो. रेघ नसलेला ए-4 कागद, निळी किंवा काळी शाई. जाहिरातीचा दिनांक, वर्तमानपत्राचे नाव, पद, विषय, प्रवर्ग, नेट-सेट-पीएचडीचा तपशील आणि सहपत्रांची क्रमवार यादी. राखीव जागेच्या उमेदवारांनी अर्जाची प्रत विद्यापीठाच्या विशेष कक्षाकडेही पाठवावी असे जाहिरातीत लिहिलेले असेल, तर ती विसरू नका. मुदत बहुधा जाहिरातीच्या तारखेपासून मोजतात, तुम्ही वाचल्या दिवसापासून नव्हे. पोस्टाची पावती जपून ठेवा. अर्ज हाती दिलात तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्या.

15. एकाच कंपनीत दोन पदांना अर्ज करू का?

पदे एकमेकांजवळची असतील (क्वालिटी आणि प्रॉडक्शन) तर एकच पत्र लिहा आणि पहिली पसंती सांगा. स्टोअर्स आणि मार्केटिंग असे दोन टोकांचे अर्ज केलेत, तर कुठलेही चालेल असा अर्थ निघतो.

16. सध्याच्या कंपनीत कळायला नको. काय काळजी घेऊ?

एमआयडीसीत सगळे एकमेकांना ओळखतात, त्यामुळे ही भीती रास्त आहे. शेवटी एक ओळ घाला: 'सध्या नोकरीत असल्याने माझ्या कंपनीत चौकशी निवडीनंतर करावी, ही विनंती.' पत्रात कंपनीचे नाव न घेता 'शिरोलीतली एक ऑटो कास्टिंग फाउंड्री' असे लिहिता येते. कंपनीच्या ईमेलवरून, कंपनीच्या संगणकावरून अर्ज पाठवू नका. सध्याच्या कंपनीचे ड्रॉइंग, ग्राहकांची नावे, रिजेक्शनचे आकडे नमुना म्हणूनही जोडू नका.

17. जर्मनीला किंवा बाहेर अर्ज करताना वेगळं काही?

जर्मनीत पत्राला अजूनही मान आहे. ते त्याला 'आन्श्रायबेन' म्हणतात: एक पान, विषयाची ओळ, तारीख, खाली सही, सोबत तक्त्याच्या रूपातला बायोडाटा. आउसबिल्डुंगसाठी (तिथल्या शिकाऊ उमेदवारीसाठी) ते जर्मनमध्ये, तुमच्या खऱ्या भाषापातळीला साजेसे हवे. तिथेही सूट मिळू लागली आहे. डॉइचे बान या रेल्वे कंपनीने 2018 मध्ये शिकाऊ उमेदवारांसाठी पत्राची अट काढली. म्हणून प्रत्येक जाहिरात नीट वाचा. अमेरिका आणि ब्रिटनच्या अर्जात फोटो, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, वडिलांचे नाव घालत नाहीत.

18. पाठवलं, पण दुसऱ्याच कंपनीचं नाव तसंच राहिलं. आणि उत्तर नाही आलं तर कधी विचारू?

नाव चुकले असेल तर त्याच दिवशी नवीन ईमेल पाठवा. विषयात 'सुधारित अर्ज' लिहा, आत 'आधीच्या ईमेलमध्ये चूक झाली, क्षमस्व' एवढी एकच ओळ आणि खाली दुरुस्त मजकूर. तीन-चार दिवसांनी लक्षात आले तर सोडून द्या, कारण तोवर ज्याला वाचायचे होते त्याने वाचलेले असते.

उत्तरासाठी सात-आठ दिवस थांबा. मग त्याच ईमेलला 'रिप्लाय' करून दोन ओळी लिहा, म्हणजे जुना अर्ज खाली दिसतो. लहान कंपनीत फोन केलेला चालतो, पण महिन्याच्या 10 आणि 20 तारखेच्या आसपास, जीएसटीची घाई असताना, अकाउंट्समधल्या माणसाला करू नका. दोनदा विचारूनही काही आले नाही, तर तिसऱ्यांदा विचारू नका. नवी जागा निघेल तेव्हा त्या पदाप्रमाणे बदललेले पत्र पाठवायला हरकत नाही.